एका सपातेत ८८८ टाके

'आर ३: *एससी, आयएनसी* × ६ (१८)'

ही ओळ पुन्हा एकदा वाचा. ती कुठल्या सर्व्हरच्या लॉगमधून उचललेली नाही. घरात घालायच्या लोकरीच्या सपाता विणण्याच्या नमुन्यातली ती तिसरी ओळ आहे. अर्थ असा: तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक मुका खांब घाला, त्याच्या पुढच्या एकाच टाक्यात दोन घाला, हे सहा वेळा करा, फेरी संपल्यावर अठरा टाके भरले पाहिजेत.

मराठीत सांगितलं की आठवीतल्या मुलालाही कळेल अशी गोष्ट. तरीही क्रोशे शिकायला बसलेली नवी मुलगी पहिल्याच दिवशी अशा ओळीपाशी अडते, आणि आजूबाजूचे लगेच निकाल देतात. 'तुम्हा आजकालच्या पोरींना पेशन्स नाही.' किंवा 'हाताला वळणच नाही.'

माझं म्हणणं सरळ आहे. तिच्या हाताचा यात काही दोष नाही. दोष नमुना लिहिण्याच्या पद्धतीचा आहे, आणि त्याहून मोठा दोष आपल्याकडच्या एका जुन्या सवयीचा आहे. मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या क्रोशे चाललं. देव्हाऱ्याचं तोरण, टीव्हीवरचा रुमाल, फ्रिजच्या हँडलचं कव्हर, रुखवतातला टेबलक्लॉथ, बाळाचे बूट. या कामाचे मराठी शब्दही तयार झाले. पण ते काम नेमकं लिहायची रीत काही रुळली नाही. जे लिहिलं जात नाही त्याची मोजदाद होत नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्याला भाव मिळत नाही. सपाता हे फक्त निमित्त. भांडण या तीन गोष्टींचं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सूचना वाचणं, त्या कुठे तुटतात ते शोधणं, यावरच माझं पोट चालतं. नागपूरचा उन्हाळा जगाला माहीत आहे. जानेवारीतल्या पहाटेची फरशी मात्र नागपूरकरांच्या तळपायांनाच माहीत. म्हणून सपाता.

इंग्रजी येतं, मग अडलं कुठे?

पहिला आक्षेप ठरलेला असतो: नमुने इंग्रजीत आहेत, तर इंग्रजी शिका. ठीक. मी बारावीपासून सगळं इंग्रजीतच शिकले, नोकरीही इंग्रजीत करते. त्या इंग्रजीचा या नमुन्यापुढे काही उपयोग नाही, कारण ही इंग्रजी भाषाच नव्हे. ही लघुलिपी आहे, आणि तिची किल्ली बहुतेक वेळा सोबत दिलेली नसते.

त्यातही एक लिपी नाही, दोन आहेत. अमेरिकेत ज्या टाक्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात, त्याच टाक्याला ब्रिटनमध्ये 'डबल क्रोशे' म्हणतात. अमेरिकेतला 'डबल' हा ब्रिटनचा 'ट्रेबल'. म्हणजे नमुन्यात 'डीसी' लिहिलं असेल, तर ते लिहिणारी बाई अटलांटिकच्या कोणत्या काठावर बसली आहे हे कळल्याशिवाय तुम्हाला एक टाकाही नीट घालता येणार नाही. अमेरिकन डीसीची उंची ब्रिटिश डीसीच्या साधारण दुप्पट असते. अदलाबदल झाली तर पावलाच्या मापाची सपात गुडघ्याकडे निघते.

आमच्या धंद्यात एकाच नावाला दोन अर्थ दिले आणि कोणता कुठे लागू हे सांगितलं नाही, तर तो कोड कुणी स्वीकारणार नाही. इथे मात्र तोच गोंधळ पिढ्यान् पिढ्या चालू आहे, आणि त्याची किंमत नवशिक्या मुलीने चुकवायची. ओळखायची एक युक्ती आहे, ती तेवढी सांगून ठेवते: नमुन्यात कुठेही 'एससी' दिसलं तर तो अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे हा टाकाच नाही. आणि वर 'टेन्शन' असं शीर्षक दिसलं तर तो ब्रिटिश. हे टेन्शन आपण घेतो ते नव्हे. दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात, त्या मापाला ते टेन्शन म्हणतात. अमेरिकन लोक त्यालाच 'गेज' म्हणतात.

हे माप लोक वाचायचं सोडून देतात, आणि सपात बसेल की गळेल हे तिथेच ठरतं. समजा सपातेचा घेर ३० टाक्यांचा आहे. तुमच्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये १४ टाके बसत असतील तर घेर साडेएकवीस सेंटिमीटरच्या आत येतो, पायाला घट्ट धरतो. १२ च बसत असतील तर तोच घेर २५ सेंटिमीटर. चालता चालता सपात मागे राहणार, पाय पुढे जाणार. टाके तेच, नमुना तोच. फरक हाताचा. जुन्या बायका यालाच 'तिचा हात सैल आहे' म्हणतात. माप मराठीला कळतं, फक्त ते आकड्यात मांडलेलं नाही.

यात लोकरीची भर. सीताबर्डीला किंवा इतवारीत दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, टू प्लाय की फोर प्लाय? प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळले आहेत तो आकडा. धागा किती जाड आहे हे त्यावरून नक्की कळत नाही. सुईची तीच तऱ्हा: ५ मिलिमीटरच्या सुईला अमेरिकन नमुना 'एच' म्हणतो, आणि लेससाठीच्या बारीक स्टीलच्या सुयांमध्ये तर आकडा वाढला की सुई बारीक होते. एवढे सगळे खड्डे ओलांडून एखादी मुलगी पहिल्या टाक्यापर्यंत पोहोचते, आणि आपण म्हणतो तिला पेशन्स नाही.

सहाच का?

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. त्या पहिल्या ओळीत '× ६' का आहे? पाच का नाही, सात का नाही?

सपात अंगठ्याच्या टोकापासून सुरू होते. आधी एक चपटी चकती विणायची. प्रत्येक फेरीने चकतीची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते. त्रिज्या एवढी वाढली की परीघ तिच्या दोन पाय पट वाढतो, म्हणजे ६.२८ पट. मुका खांब जवळपास जेवढा उंच तेवढाच रुंद असतो. म्हणून दर फेरीला साधारण सहा टाके जास्त लागतात. सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस. सहापेक्षा कमी वाढवले तर चकतीची वाटी होते. जास्त वाढवले तर कडेला झालर येते. आणि मुक्या खांबाऐवजी दुप्पट उंचीचा खांब वापरला, तर सहाने भागत नाही, बारा वाढवावे लागतात. ब्रिटिश नमुना अमेरिकन समजून विणला तर सपातेचं टोक शंकूसारखं का निघतं, ते आता कळलं असेल.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना टाइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये याच हिशेबाला उलटं वळण दिलं. ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवायचा, हा नियम न बदलता विणत राहायचं. त्यातून झालरीसारखं वळत जाणारं जे कापड तयार झालं, ते हायपरबोलिक भूमितीचं हातात धरता येणारं मॉडेल होतं. विद्यार्थी ते बोटांनी चाचपून बघू शकत होते. पुढे त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. हे शक्य झालं, कारण नियम एका ओळीत लिहिता येत होता. लिहिलेला नियम तपासता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो.

ज्या मुलीला 'सहाच का' हे कळलं, ती भाचीसाठी सपात करताना कुणाला विचारणार नाही. ३० ऐवजी २४ टाक्यांवर वाढ थांबवेल, घेर १७ सेंटिमीटरचा मिळेल. एक नमुना समजला की सगळ्या घरादाराच्या सपाता तिच्या हातात आल्या.

'माह्या हाताकडे पाय'

माझी मावशी महालात राहते. क्रोशाची सुई तिच्या हातात चाळीस वर्षं तरी आहे. तिला मी म्हटलं, मावशी, तू करतेस ते मला लिहून दे. ती हसली. म्हणाली, 'त्यात लिहाचं काय आहे वं? माह्या हाताकडे पाय न् करत जा.'

या वाक्यात प्रेम आहे, आणि एक फार मोठा गैरसमजही. हातातली कला लिहून येत नाही, ती बघून बघूनच येते, असं आपण सगळे मानतो. यातला एक भाग खरा आहे. करंगळीवरून धागा कसा घ्यायचा, किती ओढायचा, हे कागद शिकवू शकत नाही. पण किती टाके, कुठे वाढवायचे, कुठे उलटायचं, कुठे थांबायचं, हा शुद्ध हिशेब आहे. तो मावशीच्या डोक्यात पक्का आहे. विणताना तिचे ओठ हलतात ते मोजणीसाठीच. ती म्हणते 'मुका खांब', 'खांब', 'साखळी', 'वाढव', 'कमी कर'. म्हणजे भाषा तयार आहे. गंमत बघा, आमच्याकडे एकने चुकणाऱ्या मोजणीला 'फेन्सपोस्ट एरर' म्हणतात: दहा मीटर कुंपणाला दर मीटरला एक खांब लावायचा तर खांब अकरा लागतात. ओळीच्या सुरुवातीची साखळी टाका म्हणून मोजायची की नाही, यावर क्रोशातली नेमकी हीच चूक घडते. दर ओळीला एक टाका वाढला तर वीस ओळींनंतर चौकोनाऐवजी पाचर हाती येते. मावशीला हे माहीत आहे. ती म्हणते, 'ती साखळी मोजाची नसते.' एवढंच वाक्य कागदावर हवं होतं.

दोन सुयांच्या विणकामात मराठीने हे कधीच करून दाखवलं आहे. 'एक सुलट, एक उलट' हे शब्द ज्याने आयुष्यात सुई धरली नाही त्यालाही माहीत असतात. मराठीत विणकामाची पुस्तकं निघाली, काही जणींनी क्रोशाचे नमुने मनापासून मराठीत लिहूनही ठेवले आहेत. त्यांचं ऋण मानायला हवं. पण सगळ्यांनी मान्य केलेली, एका घरातून दुसऱ्या घरात तशीच चालणारी लिहिण्याची पद्धत अजून नाही. मावशी स्लिप स्टिचला नावच देत नाही, 'ओढून घे' म्हणते. मी माझ्या वहीत 'ओढटाका' लिहिते. दुसरं कुणी आणखी काही लिहील. लिहायला लागलो तरच त्यातला एक शब्द टिकेल.

जपानने हे फार पूर्वी केलं. विणकामाच्या खुणांसाठी तिथे चक्क राष्ट्रीय औद्योगिक मानक आहे. पोलादाला असतं तसं, लोकरीच्या टाक्याला. त्यामुळे जपानीचं एक अक्षर न येणारी बाईसुद्धा जपानी पुस्तकातली आकृती बघून विणू शकते. आपल्याकडे शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या बायकांनाही एकमेकींचं विणकाम बघितल्याशिवाय कळत नाही.

व्हिडिओ आहेत की!

हो, आहेत. हजारो आहेत, फुकट आहेत, त्यातले काही उत्तम आहेत. एखादा टाका कसा घालायचा हे बघायला व्हिडिओसारखं साधन नाही. पण पूर्ण सपात व्हिडिओवरून विणून बघा. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, दोन्ही हात लोकरीत गुंतलेले, आणि दर दहा सेकंदांनी फोन थांबवायचा. बाई म्हणते, 'ऐसेही करते जाना है.' किती वेळा, ते ती सांगत नाही. तुम्ही अकराव्या फेरीत आहात की बाराव्या, हे तपासायला व्हिडिओत जागा नाही. लिहिलेल्या नमुन्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात आकडा असतो. फेरी संपली, मोजलं, जुळलं, पुढे चला. नाही जुळलं, तर गडबड याच फेरीत आहे, मागे उसवायची गरज नाही. तो कंसातला आकडा ही नमुन्यातली सगळ्यात प्रेमळ गोष्ट आहे. तुमच्या शेजारी कुणी नसताना तो तुमचं काम तपासून देतो.

व्हिडिओ तुम्हाला एक सपात देतो, आणि पुढच्या सपातेसाठी पुन्हा त्याच व्हिडिओकडे यावं लागतं. व्ह्यूज वाढतात ते त्यांचे. तुमचं शिक्षण तिथेच राहतं.

दुसरा नवा आक्षेप: एआय देईल की भाषांतर करून. नमुन्यात 'डीसी' असेल आणि तो अमेरिकन की ब्रिटिश हे कुठेच लिहिलेलं नसेल, तर यंत्र 'दुहेरी क्रोशे' असं छानपैकी लिहून देईल आणि कोडं जिथे होतं तिथेच ठेवेल. २०२३ मध्ये लोकांनी चॅटजीपीटीकडून क्रोशाचे नमुने लिहून घेतले आणि ते हुबेहूब विणले. निघालेले वेडेवाकडे प्राणी सोशल मीडियावर फिरले, लोक पोट धरून हसले. नमुना दिसायला अगदी नमुन्यासारखा होता, फक्त हिशेब जुळत नव्हता. ज्या भाषेत मुळात नीट लिहिलेले नमुनेच थोडे, त्या भाषेत यंत्र शिकणार तरी कशावरून?

आणि एक कौतुकाचा प्रकार आहे, त्याचाही मला तेवढाच राग येतो. ऑफिसात कळलं की मी क्रोशे शिकते आहे, तर लगेच, 'अरे वा, म्हणजे कोडिंगच की!' बोलणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण यात हिशेब उलटा आहे. फ्रान्समधल्या जाकारने १८०४ मध्ये मागावर नक्षी विणायला छिद्रांची कार्डं वापरली, आणि तीच कल्पना बॅबेजने पुढे आपल्या गणनयंत्रासाठी घेतली. उसनवारी संगणकाने विणकामाकडून केली आहे. मावशीच्या कामाला किंमत यायला ते माझ्या कामासारखं असलं पाहिजे, ही अट कुणी घातली? तिकडे नातेवाइकांची वेगळी तऱ्हा. सहा वर्षं मी काय काम करते हे ज्यांनी कधी विचारलं नाही, ते सपाता बघून म्हणाले, 'चला, पोट्टी मार्गाला लागली.' एकाला विणकाम कोडिंगसारखं वाटलं की ते थोर, दुसऱ्याला ते बायकी वाटलं की ते गोड. ते काम स्वतः काय आहे, हे बघायला दोघांनाही सवड नाही.

हा घ्या नमुना

मराठीत लिहिता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी ही पूर्ण सपात. बायकांच्या मध्यम पावलाची, साधारण २४ सेंटिमीटर लांब.

सुई ५ मिलिमीटर, मध्यम जाडीची लोकर. माप: १० सेंटिमीटरमध्ये १४ मुके खांब, १६ ओळी. सगळे टाके मुके खांब. (मुका खांब म्हणजे इथे अमेरिकन सिंगल क्रोशे.)

फेरी १: बोटाभोवती धाग्याचं कडं करा, त्यात ६ टाके. (६)
फेरी २: प्रत्येक टाक्यात २. (१२)
फेरी ३: [एका टाक्यात १, पुढच्या टाक्यात २], असं ६ वेळा. (१८)
फेरी ४: [दोन टाक्यांत १-१, पुढच्या टाक्यात २], असं ६ वेळा. (२४)
फेरी ५: [तीन टाक्यांत १-१, पुढच्या टाक्यात २], असं ६ वेळा. (३०)
फेरी ६ ते १४: प्रत्येक टाक्यात १. (३०)
ओळ १: २२ टाके घाला, उरलेले ८ तसेच सोडा. पाय आत जाईल तो भाग हा. काम उलटवा. (२२)
ओळ २ ते २४: १ साखळी, ही मोजायची नाही. २२ टाके. उलटवा. (२२)
टाच: शेवटची ओळ मधोमध दुमडा, समोरासमोर आलेले ११-११ टाके एकत्र शिवून टाका.

संपलं. फोनच्या एका स्क्रीनवर जवळपास मावलं. लांबी कमी-जास्त हवी तर शेवटच्या ओळी कमी-जास्त करा. यात एकही शब्द अवघड नाही, एकही इंग्रजी अक्षर नाही, आणि दोन्ही किनाऱ्यांपैकी कुठलाही किनारा माहीत असायची गरज नाही.

आता मोजू

नमुना कागदावर आला की एक नवी गोष्ट करता येते. बेरीज. पहिल्या पाच फेऱ्यांचे टाके ९०. पुढच्या नऊ फेऱ्यांचे २७०. चोवीस ओळींचे ५२८. एका सपातेत ८८८ टाके. जोडीत १,७७६. मिनिटाला पंधरा टाके धरले, म्हणजे सरावलेला हात, तरी जवळजवळ दोन तास नुसतं विणणं. शिवण, धाग्याची टोकं लपवणं, लोकर आणणं वेगळं.

आता तुमच्या ओळखीतल्या त्या बाईला आठवा, जी बाळाचे बूट किंवा सपाता विणून विकते. तिला हमखास ऐकावं लागणारं वाक्यही आठवा. 'एवढे? घरीच तर केलंय.' तिच्याकडे यावर उत्तर नसतं, कारण आपण किती काम केलं हे तिलाही आकड्यात माहीत नसतं. 'फावल्या वेळात केलं' असं ती स्वतःच म्हणते आणि भाव उतरवते. १,७७६ टाके हे उत्तर आहे. त्यावर घासाघीस करता येते, पण त्याला फावला वेळ म्हणता येत नाही.

ज्या शहरात मी राहते ते धाग्यावरच वाढलं. १८७७ मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीतल्या सुताला नंबर होता, पाळीला तास होते, मजुरीला हिशेबाची वही होती. म्हणून गिरणी कामगार संप करू शकला, मजुरी मागू शकला. मोजलेलं काम मागणी करू शकतं. घरात बसून विणणाऱ्या बाईकडे ती वही नव्हती. जिच्या 'एम्प्रेस' या पदवीवरून गिरणीचं नाव पडलं, ती व्हिक्टोरिया राणी स्वतः क्रोशे करायची. १९०० मध्ये तिने बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी मफलर विणले, आणि ते शौर्याचं बक्षीस म्हणून दिले गेले. टाके तेच, सुई तीच. भाव विणणारीच्या नावावर ठरला.

याचा सगळ्यात कडू धडा आंध्र प्रदेशातल्या नरसापूरचा आहे. तिथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस आणली. गोदावरीकाठच्या हजारो बायका ती विणू लागल्या, लेस परदेशी जाऊ लागली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून १९८२ मध्ये या बायकांवर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुख्य मुद्दा हा, की निर्यातीचा एवढा मोठा धंदा ज्यांच्या हातांवर उभा होता त्या बायकांना कामगार म्हणून कुणी मोजतच नव्हतं. त्या 'गृहिणी' होत्या, आणि लेस हा त्यांचा रिकामा वेळ. म्हणून मजुरी कवडीमोल. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. वस्तूला नाव मिळालं, उशिरा का होईना. विणणारीच्या तासांचं काय, हा प्रश्न तिथेही आहे आणि नागपुरातही आहे.

आणि हे लक्षात घ्या: दुकानात किंवा ऑनलाइन जो क्रोशाचा टॉप तुम्ही पाचशे रुपयांत बघता, तो खराखुरा क्रोशाचा असेल तर कुणीतरी हाताने विणला आहे. स्वेटरसारखं क्रोशे यंत्रावर निघत नाही. ते पाचशे रुपये बघितले की आता टाके मोजा.

बायका एकत्र येऊन हिशेबाने काम करू शकत नाहीत असं कुणी म्हणू नये. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण जोडून गिनेस विक्रम केला. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या हातांनी विणलेले तुकडे एकमेकांना जोडायचे तर माप आधी ठरवावं लागतं, लिहावं लागतं, पाळावं लागतं. ते त्यांनी केलं.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. तुमच्या घरात आई, मावशी, काकू, आजी, कुणीतरी विणणारं आहे. तिच्या तोरणाचा फोटो स्टेटसला टाकून 'आजीची कला' लिहिणं पुरे झालं. तिच्याजवळ बसा. ती 'हाताकडे बघ' म्हणेल. बघा, आणि फोनमध्ये लिहीतही जा. कोणती सुई, किती जाड धागा, दहा सेंटिमीटरला किती टाके, कोणत्या टाक्याला ती काय म्हणते, कोणती साखळी मोजायची नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात आकडा. मग तेच वाचून तुम्ही विणा, आणि जिथे अडेल तिथे पुन्हा तिला विचारून ओळ दुरुस्त करा. शेवटी सगळ्या ओळींची बेरीज करा, आणि नमुन्याच्या वर तिचं नाव लिहा.

पुढच्या वेळी कुणी तिच्या तोरणाला 'टाइमपास' म्हणालं, तर ती बेरीज त्याच्यासमोर धरा.